पीटर थॉमसन: पाच ब्रिटिश ओपन, अमेरिकेत जेमतेम एक स्पर्धा. मग एवढा थोर कसा?

बोगीवाला
शिव्या पडणारेत माहितीये, तरी लिहितो. ऑस्ट्रेलियाच्या गोल्फचा विषय निघाला की जाणकार मंडळी लगेच पीटर थॉमसनला डोक्यावर घेतात. ब्रिटिश ओपन पाच वेळा, १९५४, ५५, ५६, ५८ आणि ६५, त्यातली पहिली तीन लागोपाठ, विसाव्या शतकात तसं दुसऱ्या कुणाला जमलं नाही, सगळं मान्य. पण तेव्हा अमेरिकन तिकडं यायचेच कुठे? त्यांचा दादा खेळाडू बेन होगन आयुष्यात एकदाच आला, १९५३ ला कार्नूस्टीला, आणि जिंकून गेला, थॉमसन दुसऱ्या नंबरावर बरोबरीत. पुढच्या वर्षी होगन नाही, दुसरा बडा अमेरिकन सॅम स्नीड नाही, आणि साहेबांची हॅटट्रिक चालू! अमेरिकेच्या पीजीए टूरवर (तिथल्या व्यावसायिकांची मुख्य स्पर्धा-मालिका) जिंकला किती, तर एक, १९५६ ची टेक्सस इंटरनॅशनल. अमेरिकेतल्या बड्या स्पर्धांत, मास्टर्सला बेस्ट पाचवा, यूएस ओपनला बेस्ट चौथा. बाकी हाँगकाँग, फिलिपिन्स, भारत, न्यूझीलंड असा फिरत राहिला, न्यूझीलंड ओपन तर नऊ वेळा जिंकला. ज्या गल्लीत मोठी पोरं खेळतात तिथं पाऊल टाकायचं नाही आणि बाकीच्या दहा गल्ल्यांत चॅम्पियन म्हणून मिरवायचं, असं वाटतं मला. बोला आता.

लिंक्सवेडा
बोलतो की. जे आले नाहीत त्यांचं खापर जो आला त्याच्या डोक्यावर फोडायचं, हा कुठला न्याय? अमेरिकन का यायचे नाहीत ते बघा ना आधी. बोटीनं यायचं म्हणजे जाण्यायेण्यातच दिवसच्या दिवस जाणार, १९५४ ला विजेत्याला मिळाले ७५० पौंड, त्यात खर्च पण भागायचा नाही, आणि वर तुम्ही कितीही मोठे असा, गेल्या वर्षीचे चॅम्पियन असा, पात्रता फेरीचे ३६ होल, म्हणजे दोन अख्खे राउंड, खेळूनच आत यायचं. होगनलाही खेळावे लागले होते. थॉमसन हे सगळं दर वर्षी करत होता, तेही मेलबर्नहून येऊन, न्यूयॉर्कहून नाही.

आणि तुम्ही नुसते विजय मोजले. १९५२ ते ५८ त्याचे नंबर क्रमानं लिहा: दुसरा, दुसरा, पहिला, पहिला, पहिला, दुसरा, पहिला. सात वर्षं सलग पहिल्या दोनात. फील्ड, म्हणजे समोरचे खेळाडू, कच्चं होतं म्हणा हवं तर, पण वारा तर कच्चा नव्हता. बर्कडेल, सेंट अँड्र्यूज, हॉयलेक, लिथम, कार्नूस्टी, पाच वेगळी मैदानं, समुद्राकाठची, सकाळी एक वारा नि दुपारी दुसरा. असल्या ठिकाणी सात वर्षं एकदाही न घसरणं म्हणजे नशीब नव्हे.

आकडेमोड
लिंक्सवेडा, एक नाव सोयीस्करपणे गाळलंत. बॉबी लॉक. दक्षिण आफ्रिकेचा, त्याच काळातला, तोही ओपन चार वेळा जिंकलेला (१९४९, ५०, ५२, ५७). हा माणूस १९४७ ला अमेरिकेत गेला आणि तिथल्या लोकांना त्यांच्याच मैदानावर धुतलं, पीजीए टूरवर एकूण ११ विजय. इतका की १९४९ ला त्यांनी त्याच्यावर बंदीच घातली. म्हणजे परदेशी माणसाला तिथं जमत नव्हतं असं काही नव्हतं. लॉकला जमलं, थॉमसनला नाही. बोगीवाल्यांचा मुद्दा इथं पक्का बसतो.

मेलबर्नकर
मी इकडे राहतो त्यामुळं थोडा पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो. पण जमलं नाही आणि आवडलं नाही ह्यात फरक करा राव.

थॉमसन मेलबर्नमधल्या ब्रन्सविकचा पोरगा, शिकला रॉयल पार्कच्या सार्वजनिक मैदानावर, नऊ होलचं, कुणीही जाऊन खेळावं असं. नंतर व्हिक्टोरिया गोल्फ क्लब. तो सगळा पट्टा वाळूचा आहे, उन्हाळ्यात फेअरवे (ग्रीनपर्यंत जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) असा कडक होतो की बॉल पडला की पळतच सुटतो. इथं बॉल उंच उडवून झेंड्याजवळ टाकायला गेलात की तो ग्रीनवरनं (भोकाभोवतीचं गुळगुळीत गवत) मागे निघून जातो. त्यामुळं ग्रीनच्या पंधरा-वीस यार्ड अलीकडे, उतार बघून, खालून शॉट मारायचा आणि बाकीचं काम जमिनीला करू द्यायचं. थॉमसनचा सगळा गेम ह्याच्यावर बेतलेला. लांब मारण्यात त्याला रस नव्हता, पुढचा शॉट कुठून सोपा पडेल तिथं बॉल ठेवायचा आणि गुमान चालू पडायचं. अमेरिकेत तेव्हा पाणी मारून मारून फेअरवे हिरवेगार नि मऊ, बॉल जिथं पडेल तिथंच थांबणार. खेळच वेगळा. शिवाय बॉलपण वेगळा! ब्रिटिश बॉल १.६२ इंच व्यासाचा, अमेरिकन १.६८. छोटा बॉल वाऱ्यात जास्त घुसतो. ओपनमध्ये मोठा बॉल सक्तीचा झाला तो थेट १९७४ ला.

आकडेमोड
लॉक पण छोट्या बॉलवर वाढलेला ना? मग?

मेलबर्नकर
लॉक पटिंगच्या (ग्रीनवर बॉल हलकेच भोकात घालायच्या) जोरावर जगातल्या कुठल्याही मैदानावर जिंकला असता, तो अपवाद आहे. बरं अमेरिकेत थॉमसननं जी एक जिंकली ती कुणाला हरवून, तेही सांगा. टेक्ससमध्ये बरोबरी होऊन प्लेऑफ (निकालासाठी जादा खेळ) झाला, समोर जीन लिटलर आणि कॅरी मिडलकॉफ. मिडलकॉफ त्याच वर्षी यूएस ओपन जिंकला, जिथं थॉमसन चौथ्यात बरोबरीला होता. दुय्यम लोकांना हरवलं म्हणायला जागा नाहीये.

सदाशिवपेठी
वाचतोय. एकच शंका. बोगीवाल्यांच्या यादीत १९६५ पण आहे, आणि त्याबद्दल पोस्टीत अक्षर नाही. ते वर्ष त्यांच्या मुद्द्याला गैरसोयीचं आहे म्हणून का?

लिंक्सवेडा
सदाशिवपेठी हाहा, तेच लिहायला आलो होतो. १९६० ला अमेरिकेचा अर्नोल्ड पामर आला, ६१ आणि ६२ ला जिंकला आणि मग सगळ्या अमेरिकनांना ओपनची आठवण झाली. १९६५ ला बर्कडेलला पामर होता, जॅक निकलॉस होता, आदल्या वर्षीचा विजेता टोनी लेमा होता. शेवटचे दोन राउंड एकाच दिवसात खेळायचे, त्या पद्धतीचं ते शेवटचं वर्ष. थॉमसन पस्तिशीचा, सगळे म्हणत होते ह्याचे दिवस संपले. दोन शॉटनी जिंकला. निकलॉस आणि पामर पहिल्या दहातही नव्हते. झालं समाधान?

बोगीवाला
गाळलं नाही, एका वाक्यात बसवलं नाही इतकंच. ६५ चा विजय जबरदस्त आहे, तो मी काढून घेतच नाहीये. पण एक विजय म्हणजे एकच विजय. पामर-निकलॉस आल्यानंतरच्या काळात त्याची ओपन किती? एक. येण्याआधीच्या काळात? चार. हे गणित मी नाही केलं, कॅलेंडरनं केलंय. टेक्ससचं म्हणाल तर तेच म्हणतो मी, जमत होतं तर परत जाऊन चार वेळा जिंकून दाखवायचं होतं.

लिंक्सवेडा
वयाचा हिशोब कुठे गेला? ५४ ला चोवीस वर्षांचा, ६५ ला पस्तिशीत.
आणि अमेरिकेत राहणं हाच निकष असेल तर ब्रूस क्रॅम्प्टन घ्या. ऑस्ट्रेलियनच. तिकडे जाऊन राहिला, अक्षरशः आठवड्यामागून आठवडे खेळत राहिला, पीजीए टूरवर १४ स्पर्धा जिंकला. मेजर, म्हणजे ब्रिटिश ओपन, मास्टर्स, यूएस ओपन असल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, किती? शून्य. चार वेळा दुसरा आला आणि चारही वेळा पुढे निकलॉस. तुमच्या निकषानं क्रॅम्प्टन थॉमसनपेक्षा मोठा ठरतो, आणि हे तुम्हालाही पटत नसणार.

बोगीवाला
क्रॅम्प्टन मोठा असं कुठं म्हटलं? आपला ऑस्ट्रेलियन ग्रेग नॉर्मन मोठा म्हणतो मी. ३३१ आठवडे जगात एक नंबर.

तिसरापट
दोन मेजर. दोन्ही ब्रिटिश ओपनच. 😀
आणि मंडळी, ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात मोठा गोल्फर कोण हे भांडण कॅरी वेबचं नाव न घेता चाललंय ह्याची गंमत वाटते. सात मेजर आहेत तिच्या. थॉमसनपेक्षा दोन जास्त.

सदाशिवपेठी
तिसरापट ह्यांना अनुमोदन. पण धागा पुरुषांनी काढलाय, अपेक्षा ठेवू नका.

आकडेमोड
मूळ विषयावर येऊ. देशोदेशी फिरून जिंकला हा मुद्दा मला पटत नाही तो असा की थॉमसननं आशियात जिंकलेल्या स्पर्धा, फिलिपिन्स सोडली तर, तेव्हा नुकत्या जन्माला आलेल्या. हाँगकाँग ओपन तीनदा, फिलिपिन्स ओपन, इंडियन ओपन तीनदा. समोर खेळायला होतं कोण?

मेलबर्नकर
जन्माला घातल्या कुणी हे विचारा ना! साठच्या दशकात आशियातली ती साखळी उभी राहिली त्यात तो सुरुवातीपासून होता. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला जाताना वाटेतले देश त्याला नुसते विमान बदलायचे अड्डे वाटले नाहीत. इंडियन ओपन सुरू व्हावी म्हणून मागे लागणाऱ्यांत तो होता, १९६४ ला पहिली झाली आणि पहिली त्यानंच जिंकली, मग ६६ ला, आणि मग थेट ७६ ला, वय ४६.

आणि समोर कोण होतं विचारता तर १९६५ ची इंडियन ओपन बिल्लू सेठी जिंकले, आपले, आणि तेसुद्धा अमॅच्युअर, म्हणजे हौशी. भारतीय व्यावसायिकाला ती जिंकायला पुढे १९९१ उजाडलं, अली शेर. म्हणजे सोपी असती तर आपल्याच लोकांनी मधली पंचवीस वर्षं वाट बघितली नसती.

तिसरापट
दिल्लीला एकदा खेळलोय, ओळखीच्या सदस्याबरोबर. ते मैदान सत्तरच्या दशकात थॉमसननंच नव्यानं आखलेलं. फेअरवेच्या दोन्ही बाजूंना झाडोरा इतका दाट की बॉल आत गेला की शोधायचं नाव घ्यायचं नाही, कॅडी सरळ नवीन बॉल पुढं करतो. मध्येच जुने मकबरे, मोर. माझ्याबरोबरच्या दोघांनी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) बाहेरच काढला नाही, लोखंडी क्लबनंच टी-शॉट (होलचा पहिला फटका) मारत होते. ताकद घरी ठेवून या, असं सांगणारं मैदान आहे. जसा त्याचा खेळ तसंच मैदान आखलंय.

बोगीवाला
मैदानं छान आखली, स्पर्धा सुरू केल्या, वर्तमानपत्रात लिहिलं, १९८२ ला व्हिक्टोरियात आमदारकीला उभा राहून थोडक्यात पडला, सगळं भारी आहे. माणूस म्हणून मला आवडतोच तो. प्रश्न खेळाडू म्हणून कुठं बसवायचा हा आहे.

लिंक्सवेडा
खेळाडू म्हणून? घ्या. १९८५, अमेरिकेची सीनियर टूर, पन्नाशीपुढच्यांची. अमेरिकन मैदानं, मऊ फेअरवे, मोठा बॉल, समोर अमेरिकन. एका वर्षात नऊ स्पर्धा जिंकला. नऊ! तुम्ही म्हणता तिकडे जमत नव्हतं, तर पंचावन्नाव्या वर्षी जमायला लागलं का?

बोगीवाला
म्हाताऱ्यांची टूर.

लिंक्सवेडा
अहो ते म्हातारे म्हणजे तेच लोक ना, जे १९५० च्या दशकात ओपनला आले नाहीत म्हणून तुम्ही रडताय!

मेलबर्नकर
😂😂
आणि १९९८ चा प्रेसिडेंट्स कप (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकीचं जग) विसरू नका. रॉयल मेलबर्नला, कॅप्टन थॉमसन, अमेरिकेला २०.५ विरुद्ध ११.५. बाकीच्या जगाच्या टीमनं आजवर जिंकलेला तेवढाच एक.

बोगीवाला
कॅप्टन शॉट मारत नाही. तो विजय खेळाडूंचा.

सदाशिवपेठी
१९५७ बद्दल कुणीच बोललं नाही. सेंट अँड्र्यूजला शेवटच्या ग्रीनवर लॉकनं दुसऱ्याच्या पटिंगच्या वाटेत येतो म्हणून आपला बॉल बाजूला सरकवून खूण ठेवली आणि नंतर मूळ जागी परत न ठेवता तिथूनच पट मारला. नंतर लक्षात आलं, पण कमिटीनं निकाल कायम ठेवला. दुसरा कोण होता? थॉमसन. तेव्हा लॉकला बाद केलं असतं तर ५४ ते ५८ सलग पाच ओपन झाल्या असत्या आणि हा धागाच निघाला नसता.

आकडेमोड
कमिटीनं बरोबर केलं. त्यात लॉकचा काडीचा फायदा झाला नव्हता.

सदाशिवपेठी
नियम फायदा बघून लावायचा असतो का?

बोगीवाला
फरक तीन शॉटचा होता. दोन शॉट दंड लावा हवं तर, तरी लॉकच एकानं पुढे.