अंगणासाठी बार्बेक्यू ग्रिल घ्यायचं आहे : कोळशाचं, गॅसचं की आणखी काही?

पानगळ :
नमस्कार मंडळी. घरामागच्या अंगणात कायमचं एक बार्बेक्यू ग्रिल ठेवायचं मनात आहे. घरात आम्ही सहा जण, पाहुणे आले की दहा-बारा. खाणाऱ्यांत निम्मे शाकाहारी. सुट्टीच्या दिवशी वेळच वेळ असतो, पण एरवीही संध्याकाळी कामावरून आल्यावर पटकन काही भाजता आलं तर हवंय. शिवाय मांसाचा मोठा तुकडा तासन्‌तास मंद आचेवर शिजवून बघायची फार इच्छा आहे.

दुकानात जो तो बर्नर मोजून दाखवतो. चार घ्या, सहा घ्या, बाजूला आणखी एक शेगडी घ्या. नेमकं काय बघून निवडायचं तेच कळेना. अर्ध्या अंगणावर पत्र्याची शेड आहे, तिच्याखाली ठेवलं तर चालेल का? जे बरीच वर्षं वापरताहेत त्यांनी कृपया सांगा.

निखारा :
पानगळताई, बर्नरचा विचार शेवटी करा. आधी दोनच गोष्टी बघा. घट्ट बसणारं, पुरेसं उंच झाकण आहे का? आणि जाळीचा अर्धा भाग तापलेला, अर्धा विस्तवाविना असा ठेवता येतो का? या दोन्हींचं उत्तर हो असेल तर कोळशावरही उत्तम शिजतं आणि गॅसवरही. उत्तर नाही असेल तर सहा बर्नर घेऊनही कोंबडी बाहेरून करपणार आणि हाडापाशी कच्ची राहणार.

कारण असं : पातळ काप, मासे, भाज्या यांना खालून थेट धग लागते, काही मिनिटांत काम होतं. जाड तुकड्याला ती धग आतपर्यंत पोचायच्या आधीच जाळते. म्हणून तो विस्तव नसलेल्या बाजूला ठेवायचा, झाकण लावायचं आणि आत फिरणाऱ्या गरम हवेवर शिजू द्यायचा. शेवटी दोन मिनिटं विस्तवावर आणून रंग आणायचा. चरबी पेटून ज्वाळा उठली तरी तुकडा सरकवायला सुरक्षित जागा हाताशी असते. झाकण नसलेल्या उघड्या शेगडीवर हे काहीच जमत नाही.

घुमटासारखं झाकण असलेलं गोल ग्रिल याच गरजेतून आलं. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या अमेरिकी कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफननं १९५२ मध्ये समुद्रातल्या बोयासाठी बनणारा धातूचा गोळा कापून खालची वाटी आणि वरचं झाकण केलं. उघड्या शेगडीवर वाऱ्यानं आणि राखेनं होणारा त्रास त्याला टाळायचा होता. खाली एक झडप, झाकणावर एक. खालची उघडली की कोळशाला हवा मिळून आच वाढते, मिटली की मंदावते. वरची मात्र शिजवताना पूर्ण बंद करू नका, धूर आत कोंडला की पदार्थाला कडवट चव येते. सगळं झाल्यावर दोन्ही मिटल्या की कोळसा आपोआप विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो.

खटपट्या :
निखारा यांना शंभर टक्के अनुमोदन. मी धातूबद्दल लिहितो, कारण ग्रिल तिथेच फसवतं.

स्टेनलेस स्टील म्हटलं की सगळं सारखं नसतं. ३०४ प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ती दमट हवेत बराच काळ टिकते. ४३० प्रतीत निकेल जवळजवळ नसतं, ती स्वस्त पडते आणि लवकर गंजते. खिशात छोटं चुंबक घेऊन जा. ४३० ला ते घट्ट चिकटतं, ३०४ ला सहसा चिकटत नाही. वाकवलेल्या कडांपाशी ३०४ सुद्धा किंचित ओढ दाखवतं, म्हणून सपाट भागावर तपासा. सगळं ग्रिल ३०४ चं असलं पाहिजे असा माझा आग्रह नाही. बर्नरच्या नळ्या आणि जाळी चांगल्या प्रतीच्या असल्या की पुष्कळ झालं, आग त्यांनाच सोसायची असते. ओतीव ॲल्युमिनियमचं अंग असेल तर उत्तमच, ते लोखंडासारखं गंजत नाही.

जाळी बिडाची मिळाली तर मी तीच घेईन. ती धग धरून ठेवते, पदार्थावर सुरेख रेघा उमटतात. पण बिडाच्या तव्यासारखंच तिला तेल पाजावं लागतं, ओली ठेवली की एका रात्रीत गंजते. इनॅमल चढवलेल्या जाळीला हा जाच नाही, मात्र टवका उडाला की तिथून आतलं लोखंड सडायला लागतं. तिच्यावर लोखंडी खरवडणी चालवू नका.

आता दुकानात दाखवतात त्या बीटीयूच्या (उष्णता मोजायचं एकक) आकड्याबद्दल. हा आकडा म्हणजे ताशी किती उष्णता तयार होते ते, ग्रिल किती तापेल ते नव्हे. त्याला जाळीच्या क्षेत्रफळानं भागा. ताशी ३६,००० बीटीयू आणि ४५० चौरस इंच जाळी असेल तर चौरस इंचामागे ८० येतात. ८० ते १०० च्या आसपास असलं की बरं. पत्रा पातळ आणि झाकण सैल असेल तर तेवढी उष्णताही बाहेरच जाते, म्हणून झाकण उचलून त्याचं वजन हातानं बघाच. ग्रिल दोन्ही हातांनी धरून हलवूनही बघा. पाय डुगडुगत असतील तर ते घेऊ नका.

सायंतारा :
आमच्याकडे शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही आहेत, म्हणून सांगते. एकच मोठं ग्रिल घेणार असाल तर दोन सुट्या भागांची जाळी असलेलं घ्या आणि शाकाहाराचा भाग कायमचा ठरवून टाका. चिमटे आणि ब्रशही वेगळे. हे पहिल्या दिवसापासून पाळलं तर कुणाला विचारत बसावं लागत नाही. भाज्यांसाठी भोकं असलेली पसरट टोपली घ्या, कांद्याच्या चकत्या जाळीतून खाली पडत नाहीत.

ब्रशवरून आठवलं. तारेचा ब्रश घेऊ नका. त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि पदार्थाबरोबर पोटात जाऊ शकते. लाकडी खरवडणी किंवा चिमट्यात धरलेला फॉइलचा बोळा गरम जाळीवर फिरवला की काम होतं.

अंगणवारा :
कोळशाचं कौतुक मलाही आहे, पण ताईंना कामावरून येऊन भाजायचंय हे विसरू नका. कोळसा पेटवून त्यावर राखाडी साय यायला वीसेक मिनिटं जातात. त्या पुढे शिजवणं, मग राख. गॅसचं ग्रिल झाकण लावून दहा-पंधरा मिनिटांत तयार होतं आणि बटण फिरवलं की बंद. ज्या घरात एरवीही वापर व्हायचा आहे तिथे मी गॅसच सुचवेन, आणि तोही तीन बर्नरचा. तीन असले की एका कडेचा पेटता ठेवून बाकीचे बंद ठेवता येतात, निखारा म्हणतात ते दोन भाग सहज होतात. दोन बर्नरांवर जागा फार अपुरी पडते. बाजूची शेगडी घेऊन पैसे अडकवू नका.

मापाचा ढोबळ हिशोब : माणशी ७० चौरस इंच जाळी. सहा जणांना सव्वाचारशे. बारा पाहुण्यांसाठी दुप्पट मोठं घेण्यापेक्षा दोन खेपांत भाजा, सहा जणांसाठी रोज मोठं धूड तापवण्यात अर्थ नाही.

जोडणी केल्यावर आणि सिलिंडर बदलल्यावर दर वेळी नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. पेटवताना झाकण उघडंच हवं, आत साठलेला गॅस भडकू शकतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, म्हणून सिलिंडर उभा आणि मोकळ्या हवेत ठेवा. आणि एलपीजीचं ग्रिल पाइपच्या गॅसला परस्पर जोडू नका. दोन्हींच्या जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीची, छिद्रं वेगळ्या मापाची असतात.

ओसरी :
शेडबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ताई, शेडखाली पेटवू नका. भिंत, छप्पर, लाकडी कठडा आणि लोंबत्या फांद्या यांपासून निदान ३ मीटर लांब ठेवा. पावसापासून वाचवायला थंड झालेलं ग्रिल शेडखाली ढकला, ते चालेल. त्यासाठी मोठी चाकं असलेलं घ्या, बारकी चाकं मातीत रुततात.

कोळशाचं तर घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद ओसरीवर विझत आलेलंही आणू नका. निखारे धुमसत असेपर्यंत कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला ना रंग ना वास. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो, ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाका, प्लॅस्टिकच्या कचराकुंडीत कधीही नाही. चरबी पेटली तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून झाकण लावा.

पानगळ :
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. शेडचं तर माझ्या लक्षातही आलं नव्हतं, ग्रिल आता मोकळ्या फरशीवरच येईल.

मन तीन बर्नरच्या गॅसकडे झुकतंय. पण दोन शंका आहेत. गॅसवर धुराची चव अजिबातच येत नाही का? आणि ते सिरॅमिकचं अंड्यासारखं ग्रिल आणि लाकडाच्या गोळ्यांवर चालणारं ग्रिल, यांचा विचार करावा का? मंद शिजवायला ती फार चांगली असं ऐकलंय.

निखारा :
गॅसवर येणारी चव मुख्यतः तापलेल्या धातूवर पडून जळणाऱ्या रसाची आणि चरबीची असते, आणि भाज्या, मासे, पातळ काप यांत कोळशाशी फरक ओळखणं अवघड जातं. लांबवर शिजणाऱ्या मोठ्या तुकड्यात मात्र फरक कळतो. त्यासाठी भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत लाकडाचे तुकडे घालून ती पेटत्या बर्नरवर ठेवा, धूर निघतो.

सिरॅमिकचं ग्रिल कामाडो नावाच्या जपानी चुलीवरून आलेलं आहे. जाड भिंतींमुळे थोड्याशा कोळशावर तासन्‌तास एकसारखी मंद आच टिकते, त्याला तोड नाही. पण ते भयंकर जड असतं, पडलं तर तडकतं, आणि एकदा फार तापलं की लवकर निवत नाही. तुमच्या घाईच्या संध्याकाळी ते उपयोगाचं नाही. गोळ्यांचं ग्रिल मंद शिजवायला सर्वांत निवांत, तापमान स्वतःच सांभाळतं. मात्र त्याला वीज लागते, गोळ्या भिजल्या की त्यांचा भुगा होतो, आणि बऱ्याच मॉडेलांत कडक धगीची भाजणी जमत नाही.

तुमच्या जागी मी तीन बर्नरचं मजबूत गॅस ग्रिल घेईन आणि सवड मिळेल तेव्हा पुढे ५७ सेंमीचं साधं गोल कोळशाचं बाजूला आणीन. त्याची जाळी साधारण ३६० चौरस इंच भरते. मंद शिजवायची तुमची हौस त्यावर मनसोक्त भागेल. कोळसा पेटवायला रॉकेलसारखं द्रव वापरू नका, वास पदार्थात उतरतो. पत्र्याच्या नळकांड्यात वर कोळसा, खाली कागद, एवढंच पुरतं.

खटपट्या :
एक राहिलंच. टोचायचा थर्मामीटर ग्रिलबरोबरच घ्या. झाकणावरची तबकडी वरच्या हवेचं तापमान दाखवते, जाळीपाशी ते बरंच वेगळं असू शकतं आणि मांसाच्या आत काय चाललंय ते तर तिला कळतच नाही. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअस, खिम्याचे प्रकार ७१, इतर मांसाचा अखंड तुकडा ६३ आणि वर तीन मिनिटं विश्रांती. रंगावर विसंबू नका.

पानगळ :
ठरलं. तीन बर्नर, बिडाची जाळी दोन भागांत, मोठी चाकं, थर्मामीटर. उद्या चुंबक घेऊनच जाते. कव्हर लगेच घालायचं का?

ओसरी :
पूर्ण निवल्यावरच. गरम अंगावर घातलं तर वितळतं, आणि आत वाफ राहिली की त्या बिडाच्या जाळीला गंज धरतो. जाळीवर तेलाचा हात फिरवा, सिलिंडरची झडप बंद करा, मग कव्हर.