नैसर्गिक तेल-शाम्पूंचे अनुभव: केस गळाले, तक्रार केली, पुढे काय झालं?

मीनल (धागाकर्ती)

कांद्याचं तेल, जास्वंदीचा शाम्पू, भृंगराजाचं सिरम, तांदळाच्या पाण्याचा मास्क. यातली एकही बाटली नाही असं न्हाणीघर हल्ली शोधून सापडणार नाही. आणि याच ब्रँडांच्या जाहिरातींखाली आता चिडलेल्या ग्राहकांची रांग दिसते. कुणाचा भांग रुंदावलाय, कुणाच्या टाळूची आग होतेय, कुणाला कोंड्याने हैराण केलंय.

मला वाटतं, केस गळाल्याचं दुःख मोठं आहेच, पण लोक पेटून उठतात ते तक्रारीला मिळालेल्या उत्तरामुळे.

अमेरिकेतलं ‘वेन’चं प्रकरण बघा. चॅझ डीन या हॉलिवूडच्या केशरचनाकाराच्या नावाने विकला जाणारा हा फेस न येणारा ‘क्लेन्झिंग कंडिशनर’. कडक रसायनं नाहीत, वनस्पतींचे अर्क आहेत, अशी त्याची ख्याती. केस गळतात, तुटतात, टाळूला खाज येते अशा तक्रारी वाढल्यावर तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, २०१६ मध्ये चौकशी जाहीर केली. एफडीएकडे तोवर थेट आलेल्या तक्रारी होत्या १२७. ते बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांकडे मात्र २१,००० हून जास्त तक्रारी येऊन पडल्या होत्या! सौंदर्यप्रसाधनांच्या तक्रारी सरकारला कळवायचं बंधनच तेव्हा तिथे नव्हतं. पुढे सामूहिक दाव्यात सुमारे २ कोटी ६२ लाख डॉलरची तडजोड झाली, दोष मात्र कुणी मान्य केला नाही. गंभीर त्रासाची तक्रार कंपनीने १५ कामकाजी दिवसांत सरकारला कळवायची आणि गरज पडली तर माल परत बोलवायला लावायचा, ही तरतूद २०२२ च्या कायद्याने आली.

आपल्याकडच्या अशा किती तक्रारी कुठल्या चॅटमध्ये पडून असतील, या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून हा धागा. तुमचा अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, पण बाटलीच्या मागे काय छापलं होतं आणि तक्रारीला काय उत्तर मिळालं, ते मात्र नक्की लिहा. त्याच सुमारास आजारपण, बाळंतपण झालं असेल तर तेही लिहा, म्हणजे विनाकारण कुणावर आळ यायला नको. चांगले अनुभवही हवेत.

गोदाकाठची

कांद्याचं तेल. पुढे मोठ्ठा लालबुंद कांदा, मेथी, कढीपत्ता, सगळं चितारलेलं. मागच्या यादीत पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल. कांद्याचा अर्क शेवटून तिसरा, सुगंधाच्याही नंतर.

माझे केस आधी फार गळत नव्हते. कानशिलांजवळ विरळ वाटायला लागले म्हणून तेल घेतलं. पहिली बाटली संपत आली तशी टाळूवर बारीक पुळ्या आल्या आणि न्हाताना मोरीच्या जाळीवर रोज पुंजका जमायला लागला. आजारपण नाही, बाळंतपण नाही, औषध कुठलंच चालू नव्हतं.

चॅटवर फोटो पाठवले. उत्तर आलं, “मॅम, हा शुद्धीकरणाचा टप्पा आहे. आधी कमकुवत केस निघून जातात, मग मजबूत केस येतात. वापर थांबवू नका.” आणि त्याच्याच खाली तीन महिन्यांच्या संचावर सवलतीची लिंक. मी पुन्हा लिहिलं की अहो, पुळ्यांमधून पाणी येतंय. त्यावर तेच वाक्य, तीच लिंक.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तेल बंद करायला लावलं आणि केसांच्या मुळांना सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या. पुळ्या गेल्या. केस हळूहळू भरतायत. पण ‘थांबवू नका’ हे वाक्य आठवलं की आजही डोकं तापतं. रक्त येणाऱ्या जखमेवरही यांनी हेच सांगितलं असतं का?

रसायनी

मी प्रसाधनांच्या कारखान्यात फॉर्म्युलेशन करते, म्हणून थोडं आतलं सांगते.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्या नंतर, कुठल्याही क्रमाने. यादीतली पहिली चार-पाच नावं म्हणजे जवळजवळ सगळी बाटली, हे त्यामुळे ध्यानात ठेवा. सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतबाहेर असतात. त्यांच्या शेजारी बसलेली ब्राह्मी, माका, आवळा किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा. गोदाकाठची, तुमच्या बाटलीत कांदा नावापुरताच होता.

मात्र एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. खनिज तेल विष नाही. ते केसांवर थर धरतं, गुंता कमी करतं, बहुतेकांना काही होत नाही. माझा आक्षेप पुढच्या चित्राला आहे. आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही’ असं लिहिलेला पाण्याचा शाम्पू किंवा मास्क दिसला की मला जास्त धास्ती वाटते. पाणी आणि वनस्पतीचा अर्क एकत्र आला की बुरशी लागायला वेळ लागत नाही. दमट न्हाणीघरात तर नाहीच.

आणखी एक. ‘नारळापासून बनवलेलं’ म्हणून ज्याचं कौतुक होतं ते कोकामिडोप्रोपिल बीटेन हे फेस आणणारं रसायन, सल्फेट नसलेल्या पुष्कळ शाम्पूंत असतं. त्याचीही काही जणांना ॲलर्जी येते. ज्याला त्रास होतो त्याला तो पदार्थ झाडाचा की कारखान्याचा याने काय फरक पडणार?

पार्लरताई डोंबिवली

माझा अनुभव काळ्या मेंदीचा. डीलरने ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून पाकिटं आणून दिली. एका नेहमीच्या काकूंना लावली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन, “ताई, आईचे डोळे उघडत नाहीयेत.” धावत गेले. कपाळ, कान, पापण्या टम्म सुजलेल्या, केसांच्या कडेने पाण्याचे फोड. दवाखान्यात इंजेक्शनं द्यावी लागली.

डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं आणि बारीक अक्षरांतलं एक नाव दाखवलं, पॅराफेनिलीनडायअमीन. पीपीडी म्हणतात ते. नुसती मेंदी केसाला तांबूस-नारिंगी रंग देते. काळ्यासाठी तिच्यावर निळीच्या पानांची पूड लावावी लागते, त्याला वेळ लागतो, हे आमच्या आज्या जाणून होत्या. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणारी ‘मेंदी’ म्हणजे आत डाय आहे.

डीलरला सांगितलं तर म्हणाला, “त्या कस्टमरची स्किनच सेन्सिटिव्ह असणार.” कंपनीला ई-मेल केली तर त्यांनी पाकिटावरच्या ‘आधी चाचणी करा’ या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ होती, मान्य आहे. पण ‘शंभर टक्के हर्बल’ मुठीएवढ्या अक्षरात आणि ही ओळ मुंगीएवढी! काकूंनी मला दोष दिला नाही. पण आमच्या गल्लीतल्या तीन-चार जणी तेव्हापासून येत नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं, भीती बसणारच.

आता मी कुठलाही रंग लावायच्या आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायला सांगते. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी चालेल.

सह्याद्री

मी आणि माझे सासरे वर्षानुवर्षं एक आयुर्वेदिक तेल वापरतो, काहीही त्रास नाही, झोप छान लागते. एकाला त्रास झाला म्हणून सगळ्यांना झोडपू नका. लोक शाम्पू बदलतात, विहिरीचं-टँकरचं पाणी बदलतं, जागरणं करतात आणि खापर तेलावर. एवढंच सांगायचं होतं.

त्वचावैद्य

सह्याद्रींच्या म्हणण्यात तथ्य आहे. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपासमारीचं डाएट यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. पेशंट तोवर ताप विसरलेला असतो. घाबरून तेल आणतो. गळती वाढली तर तेलाला शिव्या बसतात आणि काही महिन्यांनी ती आपोआप थांबली तर तेलाची जाहिरात होते. ‘आधी-नंतर’च्या कितीतरी फोटोंमागे हीच गोष्ट असते. म्हणून मी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघते, भांगाची रुंदी बघते, चाई पडलीय का बघते.

पण याचाच आडोसा घेऊन कंपन्यांनी ‘तुमच्यातच काहीतरी असेल’ म्हणावं, हे मला पटत नाही. टाळूवर पुळ्या, फोड, आग, पाणी येणं ही हार्मोनची लक्षणं नाहीत. तिथे पहिलं उत्तर एकच असतं, वापर ताबडतोब थांबवा. ‘शुद्धीकरणाचा टप्पा’ असं टाळूच्या बाबतीत काही नसतं. तेलकट कोंडा असलेल्यांना तर रात्रभर तेल मुरवायला सांगणं म्हणजे त्रास वाढवणं, कारण त्या कोंड्यातली यीस्ट तेलावरच पोसते.

एक विनंती, दवाखान्यात येताना बाटली घेऊन या. “ते हिरव्या झाकणाचं” एवढ्यावरून मला काहीच कळत नाही.

कुरळी

चांगला अनुभव विचारलाय म्हणून लिहिते. कोल्हापूरकडच्या एक ताई घरगुती व्यवसाय म्हणून जवस जेल करायच्या, कुरळ्या केसांसाठी. आमच्या कुरळ्या मुलींच्या ग्रुपवर त्यांचं नाव होतं. एकदा आलेली बाटली उघडली तर आंबूस वास आणि झाकणाच्या आतल्या कडेला करडी साय. फोटो टाकला. अर्ध्या तासात ताईंचा स्वतःचा फोन. “लावलं नाहीस ना? लावलं असशील तर धुऊन टाक बाळा, आणि बॅचचा नंबर सांग.”

संध्याकाळी त्यांनी त्या बॅचच्या सगळ्यांना निरोप धाडला, बाटल्या टाकून द्या, पैसे परत करते. केलेही. पुढे त्यांनी जेलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालायला सुरुवात केली आणि बाटलीवर नावासकट छापलं. ग्रुपवर काही जणी नाराज झाल्या, “आता नॅचरल कुठे राहिलं?” म्हणून. मला उलट तेव्हाच विश्वास वाटला. रसायनी यांनी वर लिहिलंय ते वाचून आणखीनच.

पैठणगेट

पुरुष मंडळीही फसतात, नोंद घ्या. ‘टकलावर केस’ या आश्वासनाचं तेल होतं. त्रास झाला नाही, उपयोगही झाला नाही. खोक्यात एक कार्ड, पाच तारे द्या आणि कूपन मिळवा. मी एक तारा दिला आणि दोन ओळी सभ्य भाषेत लिहिल्या. विक्रीच्या पानावर माझं मत काही आलंच नाही. विचारलं तर ‘नियमांत बसत नाही’. कुठला नियम, ते सांगेनात. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. ते ऐच्छिक आहे, पण अभिप्राय ग्राहकाला वाईट अनुभव आला म्हणून दाबू नयेत, हाच त्याचा हेतू.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. आणि काय सांगू, इतके दिवस मुका असलेला कंपनीचा माणूस फोनवर अगदी गोड! पैसे परत देतो म्हणाला. अट एकच, मी दुसरीकडे लिहिलेली पोस्ट काढायची आणि ‘समाधान झाले’ असं ई-मेलवर कळवायचं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय करावं?

ॲडव्होकेट, ठाणे

पैठणगेट, पैसे घ्या, पण पोस्ट खरी असेल तर ती काढायचं बंधन तुमच्यावर नाही. ‘समाधान झाले’ असं लिहून दिलंत तर तक्रार बंद होईल, म्हणून शब्द जपून वापरा. ‘रक्कम मिळाली’ एवढंच लिहा.

तुमच्या बाटलीवर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना आहे की आयुर्वेदिक औषधाचा, ते आधी बघा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे प्रसाधन म्हणजे स्वच्छता, सौंदर्य, रूप बदलणं. टक्कल घालवतो हा दावा औषधाचा झाला. प्रसाधनाच्या बाटलीवर तो असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी कळवा.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि जाहिरात करणारा चेहराही त्यात येतो. स्वतःची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या होतं.

गोदाकाठची, तुमचं प्रकरण मला भक्कम वाटतं. बिल, उरलेलं तेल बाटलीसकट, बॅच नंबर, पुळ्यांचे तारखेचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चॅटचे ते दोन्ही स्क्रीनशॉट जपून ठेवा. ‘वापर थांबवू नका’ हे त्यांनी पुळ्यांचे फोटो मिळाल्यानंतर लिहिलंय, वेळ त्याच्यावर छापलेली आहे. तारखा मला विपूत (विचारपूशीत) कळवा, नोटिशीचा मसुदा करून देते.