फळाचा गोडवा उडून जातो, धूर मागे राहतो: उन्हाळ्यात असा परफ्यूम कसा वापरावा?

विचारणा (लातूर)

नमस्कार. एका लहान उत्पादकाच्या परफ्यूमची नमुना कुपी हिवाळ्यापासून माझ्याकडे आहे. त्यात पिकलेल्या आलुबुखाऱ्याचा गोडवा असून त्याखाली जळक्या लाकडाचा, किंचित चामड्याकडे झुकणारा काळसर धूर आहे. थंडीत हे दोन्ही वास संध्याकाळभर एकमेकांत मिसळून राहत असत आणि तो मेळ मला मनापासून आवडला होता. एप्रिल सुरू झाल्यापासून मात्र दुपारी बाहेर पडले की थोड्याच वेळात फळ नाहीसे होते आणि केवळ धूर उरतो, ज्याला आई सरळ चुलीचा वास म्हणते. मे महिन्यात घरात लग्न आहे आणि मला याच प्रकारचा सुगंध लावायचा आहे. दोष या परफ्यूमचा आहे, आमच्याकडच्या उन्हाचा आहे, की असा मेळ उन्हाळ्यात टिकतच नाही?

उत्तर १ (परभणी)

बाटलीत दोष असेलच असे नाही. बहुतेक फळांपासून अत्तरासाठी उपयोगी पडेल असे तेल मिळत नाही, त्यामुळे परफ्यूममधील फळ हे प्रामुख्याने सुगंधी रसायनांतून उभे केलेले असते. अननसाचा वास देणाऱ्या ॲलिल हेक्झॅनोएटसारखी एस्टरे (फळांसारख्या वासाची रसायने) हलकी असल्यामुळे लवकर उडतात, तर धुराची बाजू सांभाळणारे बर्च झाडाच्या सालीचे डांबर किंवा नागरमोथ्याचे तेल त्वचेला बराच काळ धरून राहते. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की ही तफावत आणखी वाढते.

तरीही सगळीच फळे अशी पळून जात नाहीत, आणि निवड करताना हेच पाहावे. पीचचा साईसारखा वास देणारे गॅमा-अनडेकालॅक्टोन हे रसायन चांगले टिकते. गेर्लां या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या 1919 सालच्या ‘मित्सुको’ या परफ्यूममध्ये त्याची जोड ओकमॉसशी घातलेली आहे, आणि ओकमॉस म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भावंडच. डॅमॅस्कोन गटातील द्रव्यांत आलुबुखारा, गुलाब आणि तंबाखू या तिन्हींची छटा असते, त्यामुळे ती फळाला धुराशी बांधून ठेवतात. याउलट क्रीड या कंपनीचा 2010 सालचा ‘अव्हेंटस’ हा परफ्यूम अननस आणि बर्चच्या धुरासाठी ओळखला जातो. त्या धाटणीच्या परफ्यूममध्ये फळ आधी निघून जाणार, हे धरूनच चालावे. तेव्हा दुकानातल्या कागदी पट्टीवर विसंबून निर्णय घेऊ नका. मनगटावर लावून भर दुपारी बाहेर फिरा आणि दोन तासांनी पुन्हा वास घ्या.

उत्तर २ (नांदेड)

वरील माहिती योग्य आहे. मी केवळ अत्तराच्या बाजूने भर घालतो. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या कंदांपासून काढलेले तेल मातकट, लाकडी आणि धुरकट असते, आणि ऊदसारखा (अगरूच्या लाकडासारखा) वास उभा करण्यासाठी परफ्यूमवाले ते आवर्जून वापरतात. उत्तर प्रदेशातील अत्तरांसाठी प्रसिद्ध कनौजकडे लोबान किंवा नख, म्हणजे शिंपल्याचे कवच, कोरडे तापवून ‘चोया’ नावाचे धुरकट तेल काढतात. तो मात्र इतका उग्र असतो की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. माझा सल्ला असा की धूर आणि फळ वेगवेगळे घ्यावेत. सकाळी नागरमोथ्याचे अत्तर काडीच्या टोकाएवढेच कानामागे लावावे आणि केवळ फळाचा फवारा सोबत ठेवून दिवसभरात गरजेप्रमाणे मारावा. धूर जागेवर राहतो आणि गोडवा हवा तेव्हा परत आणता येतो.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)

वेगवेगळे घेण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. चांगल्या परफ्यूममध्ये फळ विरत जाऊन धूर उघडा पडणे हे रचणाऱ्याने योजलेले असते, आणि वरून दुसरे फळ मारल्यास ती रचना बिघडते. त्यापेक्षा जागा बदला. कापडाला अंगाची ऊब आणि घाम कमी लागतो, म्हणून सुती हातरुमालावर किंवा ब्लाउजच्या आतल्या अस्तरावर लावल्यास फळ अधिक वेळ टिकते. लग्नात पैठणी नेसणार असाल तर पदरावर थेट फवारू नका, कारण अल्कोहोलमुळे रेशमावर डाग पडू शकतो आणि जरही काळवंडू शकते. कुपी पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीजवळ असेल तर ती आजच आतल्या कपाटात हलवा. उष्णतेने आणि उजेडाने परफ्यूम खराब होतो, आणि त्याचा फटका आधी वरच्या, हलक्या वासांनाच बसतो.

विचारणा करणारी (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. कुपी खरोखरच पश्चिमेच्या खिडकीत होती, ती हलवली आहे. आधी अस्तरावर लावून पाहते. फळ तरीही टिकले नाही, तर पीचकडे झुकणारा दुसरा नमुना मागवीन. नांदेडच्या सदस्यांनी नागरमोथ्याचे अत्तर चंदनाच्या तेलातले घ्यावे की साध्या तेलातले, एवढे कृपया सांगावे.