पत्र्याच्या गॅरेजात सुतारकाम : थंडीत गम पांढरा पडतोय, खोली गरम कशी ठेवावी?

गोडोलीकर
सातारा, गोडोली. घराला लागून १० बाय १८ चं गॅरेज आहे, उंची ९ फूट. वर साधा पत्रा, पुढं ८ बाय ८ चं रोलिंग शटर, बाकी ९ इंची वीटकाम. लांबीकडची एक भिंत घराचीच. आत टेबल सॉ, रंधा मशीन आणि बेंच. नोकरीमुळं कामाला वेळ मिळतो तो पहाटे साडेपाच ते आठ, नाहीतर रात्री नऊनंतर. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी आत ९ ते ११ अंश असतं. अडचणी दोन. पांढऱ्या गमचे जोड सुकल्यावर कडेनं खडूसारखे दिसतात आणि हातानं पीळ दिला तरी सुटतात. आणि सकाळी पत्र्यावरून थेंब टपकतात, सॉच्या टेबलावर गंजाचे ठिपके पडतात. दोन किलोवॅटचा हीटर घेऊ का? की कोळशाची शेगडी किंवा सिलिंडरवरचा हीटर स्वस्त पडेल?

रंधा_पटाशी
आधी गमचं बोलू, कारण तिथं हीटरशिवायच निम्मं काम होतंय. पांढरा गम म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे बारीक कण. पाणी लाकडात मुरलं की ते कण एकमेकांत विरघळून सलग पापुद्रा होतो. त्याला ठराविक ऊब लागते. बहुतेक गमना ती ५ ते १२ अंशांच्या दरम्यान कुठंतरी लागते, डब्यावर किंवा माहितीपत्रकावर आकडा दिलेला असतो. त्याच्या खाली पाणी उडतं पण कण सुटेच राहतात. तुम्हाला दिसतो तो खडू हाच. गम भेसळीचा नाही, आणि एकदा असा सुकलेला जोड नंतर उन्हात ठेवूनही धरत नाही. सोडवा, जुना गम पूर्ण खरवडा, ताजं लाकूड दिसेपर्यंत रंधा मारा, मग परत लावा.

दुसरी गोष्ट, हवा किती अंश आहे याला अर्थ नाही, लाकूड किती अंश आहे ते बघायचं. थंड फळीवर लावलेला गम त्या फळीइतकाच थंड होतो. म्हणून पहाटे काम असेल तर आदल्या रात्रीच फळ्या आणि गमचा डबा घरात आणून ठेवा. गम लावून क्लॅम्प आवळले की जोड निदान तासभर तरी घरातच राहू द्या, खरा पापुद्रा त्या वेळात धरतो. पूर्ण ताकद यायला २४ तास द्या. सुट्टीच्या दिवशी प्रश्नच नाही, साताऱ्यात जानेवारीतही दुपारी पारा २८-३० ला जातो. जोडाजोडी ११ ते ४ मध्ये उरका, पहाटेची वेळ कापणं, रंधणं, खुणा मारणं याला ठेवा.

तापमान बघायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चांगला. लाकडावर बरोबर दाखवतो. चकचकीत पत्र्यावर किंवा सॉच्या घासलेल्या टेबलावर मात्र भलताच आकडा देतो. तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

कृष्णाकाठ
हीटर घ्यायच्या आधी डोक्यावर बघा. थोडं गणित मांडतो. बाहेरपेक्षा आत १० अंश जास्त हवं असं धरू.

पत्रा सुमारे १७ चौरस मीटर. साध्या पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण ६ वॅट जातात, म्हणजे १००० वॅट. बाहेरच्या तीन बाजूंच्या भिंती शटर वजा जाता २६ चौरस मीटर, प्लास्टर केलेल्या ९ इंचीला २ वॅट, म्हणजे ५२० वॅट. शटर ६ चौरस मीटर, ३६० वॅट. फटींतून तासाला तीनदा हवा बदलली तर आणखी ४५० च्या आसपास. बेरीज २३०० वॅटच्या वर. तुमचा दोन किलोवॅटचा हीटर अखंड चालला तरी थोडा कमीच पडेल.

आता पत्र्याखाली ५० मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) आणि त्याखाली जिप्सम बोर्ड टाका, छताचे १००० चे ११० होतात. शटरला आतून जाड पडदा लावला की तिथला आणि फटींचा तोटा निम्मा. एकूण १०५० वॅटच्या आसपास येतं. हीटर तोच राहतो, फक्त निम्मा वेळ बंद असतो. शिवाय थंडी दोन-अडीच महिन्यांची, पण एप्रिल-मे मध्ये त्याच पत्र्याखाली उभं राहवत नाही. छतावर घातलेला पैसा दोन्हीकडं वसूल होतो.

करायची रीत: आधी जे-हुकची (पत्रा धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टांची) वॉशरं तपासा, कुजलेली बदला, पावसात गळका पत्रा झाकून ठेवला तर जूनमध्ये वूल भिजून बोर्ड खाली येईल. मग सीलिंग सेक्शन (बोर्ड अडकवायच्या लोखंडी पट्ट्या) २-२ फुटांवर. वूल पत्र्याला चिकटवू नका, मधे दोन इंच पोकळी ठेवा आणि ती पोकळी वळचणीला दोन्ही टोकांना उघडी राहू द्या. वुलाच्या खालच्या बाजूला, म्हणजे बोर्डाच्या वर, जाड प्लॅस्टिक कागद अंथरा, त्याचे जोड टेपनं बंद करा. तो नसेल तर खोलीतली दमट हवा वर जाऊन थंड पत्र्याला लागते आणि पाणी वुलातच साठतं. वूल हाताळताना पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क. खाज दोन दिवस जात नाही.

थर्माकोल स्वस्त आहे, पण उघडा अजिबात लावू नका. ठिणगी लागली की वितळून पेटता थेंब थेंब खाली पडतो, आणि तुमच्याकडं खाली भुसा. लावायचाच तर बोर्डाच्या आड.

थेंब पडतात त्याचंही कारण हेच. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडं उष्णता सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंश थंड होतो. आतली हवा त्याला लागली की दव. बोर्ड आला की मशीनवर टपकणं थांबेल.

शटरच्या पडद्याला जुना फ्लेक्स घ्या, त्याला आतून वाकळ शिवून. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आपल्याकडं कमी पडायचे नाहीत. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंतीवर यायला हवा आणि खाली जमिनीला टेकायला हवा. सगळ्यात मोठी फट मात्र वर असते, शटर गुंडाळतं त्या ड्रमभोवती. तिथं हात घालून बघा, वारा कळेल. ड्रमला आतून प्लायची पेटी करा, दुरुस्तीसाठी पुढची फळी स्क्रूनं निघेल अशी.

वायरमन_कराड
हीटरबद्दल. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. ६ अँपिअरच्या छोट्या पिनच्या बोर्डावर किंवा एक्स्टेन्शनवर लावलात तर सॉकेट वितळणार, आजच नाही तर महिन्यानं. १६ अँपिअरचं सॉकेट, मीटरबोर्डापासून स्वतंत्र लाइन, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, अंतर २० मीटरच्या पुढं असेल तर ४ ची. १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच). अर्थिंग तपासून घ्या. टेबल सॉ त्याच लाइनवर नको, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, दोन्ही एकत्र असले की एमसीबी पडत राहील आणि मग कोणीतरी ‘मोठा एमसीबी टाक’ म्हणेल. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं.

प्रकार कोणता, तर भुशाच्या जागेत तेल भरलेला रेडिएटर, ९ किंवा ११ पात्यांचा. त्यात लाल तापलेलं काही उघडं नसतं. पंख्याचा ब्लोअर भुसा ओढून कॉइलवर टाकतो, आधी जळका वास आणि मग ठिणग्या. क्वार्ट्झच्या लाल नळ्या माणसाला लगेच ऊब देतात, पण रंधा मशीनच्या सालपटांशेजारी त्यांचं काम नाही. रेडिएटरही रोज फडक्यानं पुसायचा आणि तीन फुटांत भुसा, चिंध्या, कागद नको.

एक गैरसमज: २००० वॅटनं या खोलीतली फक्त हवा १० अंशांनी तापवायला पाच मिनिटंही पुरतात. पण भिंती, फरशी आणि मशीनचं ओतीव लोखंड ती उष्णता पीत बसतात, म्हणून प्रत्यक्षात तास-दीड तास. रेडिएटर स्वतः तापायलाच पंधरा-वीस मिनिटं. साडेपाचला काम तर चारला टायमर लावा. तीन तास पूर्ण चालला तर ६ युनिट. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १५० युनिट, आणि घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांवर टप्प्यानं चढतात हे ध्यानात ठेवा. रात्री व्होल्टेज २०० वर आलं तर २००० चा हीटर १५०० वॅटच देतो, तेव्हा ‘हीटर खराब निघाला’ म्हणून परत करायला जाऊ नका.

रंधा_पटाशी
शेगडीचा विषय कोणी घेतला नाही, म्हणून घेतो. कोळशाची शेगडी बंद गॅरेजात नको म्हणजे नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि झोप आलीय एवढंच वाटतं. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं नसतं, उलट रसरशीत निखारा धूर न करताच तो वायू सोडत असतो. ‘शटर चार बोटं उघडं ठेवतो’ हा उपाय नाही.

सिलिंडरच्या हीटरला धुराडं नसेल तर तोच धोका, शिवाय पाणी. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. चार किलोवॅटचा हीटर तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे तासाला अर्धा लिटर पाणी तुम्ही खोलीत शिंपडताय. ते बसणार सगळ्यात थंड वस्तूवर, म्हणजे सॉच्या ओतीव टेबलावर. गंज कमी करायला निघालात आणि वाढवून बसाल.

गोडोलीकर
शेगडी आणि सिलिंडर रद्द. बोर्डाचं काम फेब्रुवारीत काढतो. पण तोवर आठ-दहा जोड पूर्ण करायचे आहेत, आणि काही फ्रेम सहा फुटी आहेत, घरात न्यायला जागा नाही. शेवटी एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर आणि लॅकरही मारायचंय. काही जुगाड?

कृष्णाकाठ
मग खोली सोडा, जोड तापवा. चार बाय दोन बाय दोन फुटांच्या खोक्याला सगळ्या बाजू मिळून पावणेचार चौरस मीटरच्या आत पृष्ठभाग असतो. वरून वाकळ टाकली तर १० अंश चढवायला शंभरेक वॅट पुरतात. सहा फुटी फ्रेमला दीडशे. म्हणजे ६० वॅटचे दोन-तीन साधे पिवळे बल्ब. एलईडी चालणार नाही, तो पुरेसा तापत नाही.

बेंचवर जोड क्लॅम्पसकट ठेवा, खाली दोन इंची पट्ट्या घालून म्हणजे ऊब खालूनही फिरेल. भोवती जीआय पाइपचा किंवा पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर वाकळ. बल्ब खालच्या बाजूला, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, कापडापासून निदान एक फूट लांब आणि वायर अशी बांधलेली की ओढली तरी बल्ब कलंडणार नाही. जोडावर थेट प्रकाश पडू देऊ नका, एक बाजू तापून गम तिथं आधी ओढतो आणि पातळ फळी वाकते. मधे पत्र्याचा तुकडा आडवा धरा. आत २० ते २५ अंश पुष्कळ झाले, ४० वर नेऊन लाकूड वाळवायचं नाहीये. थर्मामीटर आतच ठेवा. आणि हे तुम्ही जागे असताना दोन-तीन तास, रात्रभर लावून झोपायला नको.

अशाच पद्धतीनं सॉच्या टेबलाखाली ४० चा एक बल्ब आणि वरून झाकण ठेवलं तर ओतीव लोखंड हवेपेक्षा दोन-तीन अंश उबदार राहतं, त्यावर दव धरतच नाही. भुसा आधी पूर्ण काढा. टेबलावर मेणाचा हलका हात, तेल नको, तेल लाकडाला लागून पुढं पॉलिश धरत नाही.

रंधा_पटाशी
लॅकर मात्र त्या तंबूतही नाही आणि चालू हीटरच्या खोलीतही नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून पसरत जाते आणि थर्मोस्टॅटच्या ठिणगीनं पेटते. बल्बचा होल्डर, स्विच, फ्रीज, सगळंच त्यात आलं. दुपारी, शटर पूर्ण उघडं ठेवून मारा. पहाटे किंवा दमट हवेत मारलं तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव बसतं आणि लॅकर पांढरं, धुकट होतं. मिरजेत तंतुवाद्यांना चपडीचं पॉलिश करतात, त्यातही पांढरेपणा येतो तो याच कारणानं. धुकट झालंच तर थिनरमध्ये थोडा रिटार्डर (सावकाश उडणारं थिनर) घालून, कोरड्या दुपारी एक पातळ हात मारा, खालचा थर सैल होऊन अडकलेलं पाणी निघून जातं. लॅकरचा डबा तापवायचा असेल तर बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात ठेवा, झाकण सैल करून, आणि तेही बाहेर अंगणात.