लॅबचं पिल्लू: भर पावसात आणावं की गणपती झाल्यावर?

चिरेबंदी (गुहागर): पुण्यात एका ब्रीडरकडे लॅब्रॅडॉरची मादी १५ मेला व्यायली. आई-बाप दोन्ही बघून आलो, बयाणा दिला. आता तो म्हणतो, दूध सुटलंय, २५ जूनला घेऊन जा. बाबांचं म्हणणं, पावसात अंगणभर चिखल, गणपती जाऊ देत, मग आण. कोणाचं ऐकू?

पागोळी: २५ जूनला ते जेमतेम चाळीस दिवसांचं असेल. सरळ नाही म्हणा. २०१७च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. नियम राहू दे बाजूला, किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो, हे पिल्लू भावंडांशी दंगा करतानाच शिकतं. आमचा महिन्याभराचाच आणला होता. दोन वर्षं आईच्या एकाही साडीचा काठ धड नव्हता. १० जुलैला आठ आठवडे भरतात. त्याआधी नको, आणि नंतर फार थांबूही नका.

सड्यावरचा: पहिलं पटलं, दुसरं नाही. १० जुलै म्हणजे ऐन झड. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांचा, विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, गावातली कुत्री गडगा ओलांडून अंगणात येतातच. त्यात उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप. लसीचे डोस तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. तोवर पिल्लू कच्चंच. सप्टेंबरअखेर आणा, बाबा बरोबर आहेत.

पागोळी: आणि तोवर ते राहणार कुठे? ब्रीडरच्या पिंजऱ्यात! तिसऱ्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, ते कुत्र्याला आपलं वाटतं. त्यानंतर आलेल्याला मिक्सर, एसटीचा हॉर्न, मृदंग, सगळेच वैरी. खाली सोडू नकाच. पडवीत ठेवा, कडेवर घेऊन बाजारातून फिरवा. लसीच्या डोसांत लेप्टोचीही आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

सड्यावरचा: कडेवर? महिन्याभरात लॅब किती वाढतो, ठाऊक आहे ना?

मालवणी_खाजा: ह्या वाचून माका आमचो मोत्या आठवलो. गावठी, वय कोणाक म्हायत नाय. गणपतीत फटाक्यांका भियान माळ्यार चढलो, तो विसर्जन झाल्यारच खाली. जातिवंत हाडलात तरी फटाके तेच रे बाबा.

चिरेबंदी: ब्रीडरशी बोललो. १० जुलैपर्यंत ठेवायला तयार आहे, खाण्याचे पैसे वेगळे मागतोय. पहिला डोस तिथेच, कार्ड बघूनच उरलेली रक्कम. बाबा काही बोलत नाहीत. फक्त म्हणाले, कुंभार्ली घाटात ओकलं तर गाडी तू धुवायची.

सड्यावरचा: ओकणारच. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नका. आईच्या वासाचं एक फडकं मागून घ्या. आणि निघण्याआधी घाटात दरड आली नाही ना, तेवढं बघा.