प्रतिसाद: 'ग्लॉब' म्हणजे नक्की काय?

इंग्रजीतला 'ग्लॉब' (glob) हा 'ग्लोब'चाच अपभ्रंश असल्याचं इथे एका वाचकाने म्हटलंय. मला ते पटत नाही. 'ग्लोब' आणि 'ग्लोब्यूल' (छोटा गोल थेंब) लॅटिन 'ग्लोबस'वरून आले, म्हणजे गोल, चेंडूसारखं काहीतरी. 'ग्लॉब'ला गोलाईशी फारसं देणंघेणं नाही. ओला, चिकट, बेढब गोळा असला की झालं. शब्दही तसा नवाच. आजच्या अर्थाने तो १९०० च्या आसपास दिसू लागतो आणि बहुधा 'गॉब' व 'ब्लॉब' (थेंबासारखा गोळा) यांच्या सरमिसळीतून झाला असावा, असं कोशकार मानतात. ('ग्लोब'ची सावली त्यावर पडली असेलही, पण तो जन्मदाता वाटत नाही.)

खरा जुना शब्द 'गॉब'. तो जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ घास किंवा लगदा. 'गॉबेट' म्हणजे तुकडा, तोही त्याच घरातला. मात्र ब्रिटिश बोलीत तोंडाला 'गॉब' म्हणतात, तो शब्द वेगळा असावा. आयरिश-गेलिकमध्ये 'गॉब' म्हणजे चोच. 'गॉबस्मॅक्ड' हा या दुसऱ्या 'गॉब'वरून, तोंडावर चपराक बसल्यागत थक्क झालेला.

'ब्लॉब'चं मूळ बुडबुड्याच्या आवाजात शोधतात.

गोळ्या-ढेकळांच्या अर्थाच्या शब्दांत सगळ्यात मजेशीर मात्र 'क्लाउड'. जुन्या इंग्रजीत 'क्लूद' म्हणजे खडक, टेकडी. ढगांचे ढीग तसेच दिसतात म्हणून १३०० च्या सुमारास तो शब्द आभाळात गेला. मातीचं ढेकूळ म्हणजे 'क्लॉड', तोही 'क्लाउड'चाच नातेवाईक.