मदत हवी आहे: पेटीवरचा लेहरा पळतो, लेकीची तिहाई चुकते

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. लेक तिसरीत आहे, कथक शिकते, क्लास आठवड्यातून दोनदाच आणि बाकी रियाज घरी, मोबाईलवर लेहऱ्याचं (नाचामागे तालात फिरत राहणारी एकच सुरावट) अ‍ॅप लावून. सासऱ्यांना हे अजिबात मान्य नाही, घरात पेटी असताना मोबाईल कशाला म्हणतात. आमच्या वाड्यावर चवथीच्या आरत्या असोत की भजनी सप्ताह, पेटीवर तेच असतात. त्यामुळे हल्ली दिवाबत्ती झाली की ते पेटी घेऊन बसतात, घरात तबला नाही म्हणून आमचे हे घुमट (मडक्याला चामडं लावलेलं आपलं वाद्य) काढतात (२०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य केलं तेव्हापासून ह्यांचा भाव जरा वाढलेलाच आहे) आणि मॅडम घुंगरू बांधून तयार.

तर अडचण अशी की तीनतालाचा (१६ मात्रांचा ताल) साधा लेहरा, सासरे सुरुवात एकदम बरोबर करतात पण जरा रंग चढला की लयही चढते. तत्कार (पायांचं काम) बराबरीतून दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, जाईपर्यंत पोर धापा टाकायला लागते, आणि तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावं तर सम कधीच होऊन गेलेली. ती म्हणते आजोबा तुम्ही पळताय, ते म्हणतात तूच मागे राहतेस, आणि ह्यांच्या घुमटावर तिसराच आरतीचा ठेका! तीच तिहाई अ‍ॅपवर चोख येते.

पण खरं सांगू का, अ‍ॅपवर नाचताना तिचा चेहरा गणिताचा पेपर असल्यासारखा असतो, पेटीवर ती हसत नाचते. बाई म्हणाल्यात की डिसेंबरच्या छोट्या कार्यक्रमात घरच्यांनी साथ केली तरी चालेल. सासऱ्यांना न दुखवता लय कशी बांधायची? घुमट कथकला चालतं का? आणि सासरे काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) वाजवतात, नाचाला पट्टीचं काही असतं का?

प्रतिसाद:
मी डिचोलीला भजनात पेटी वाजवतो. तुमच्या सासऱ्यांचं काही चुकत नाहीये, आरतीत लय चढवायचीच असते, नाहीतर लोक म्हणतील पेटीवाला झोपला. लेहऱ्यात सगळं उलट. तिथे लयीचे खेळ नाचणारीने आणि तबल्याने करायचे, पेटीने १६ मात्रांची एकच ओळ धरून बसायचं, हरकती नाहीत की मुरक्या नाहीत. आमच्यासारख्यांना हेच जड जातं, हात शिवशिवतात. एक करा, पोरीला नाचायच्या आधी बसून पढंत करू द्या, म्हणजे बोल तोंडाने म्हणू द्या, ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, हाताने टाळी १, ५ आणि १३ वर, ९ ला खाली (टाळी न देता हात नुसता उलटा). आजोबांनी तिच्या टाळीकडे बघत वाजवायचं. त्यांना लय सांभाळा असं म्हणू नका, नातीला सम दाखवा म्हणा, आपोआप सांभाळतील.

प्रतिसाद:
घुमट रियाजाला चालेल की. तबल्याचे बोल त्यावर जसेच्या तसे निघणार नाहीत म्हणून ठेका अगदी साधा ठेवा, समेला भरदार थाप आणि खालीला हलका हात, म्हणजे पोरीला जागा कळते. पावसात चामडं सैल पडतं, वाजवायच्या आधी जरा शेकून घ्या. आणि नवीन घ्याल तर बकऱ्याच्या चामड्याचंच घ्या, घोरपडीला बंदी आहे.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार! पढंतीचं काल करून बघितलं. सासरे खुश, कारण आता ते "शिकवतायत". लय अजून थोडी चढते पण तिहाई एकदा बरोब्बर समेवर पडली आणि घरात नुसता आरडाओरडा. ह्यांना मात्र साधा ठेका म्हणजे अपमान वाटतोय, ते मी बघते. पट्टीचं राहिलंच, पढंत करताना तिचा आवाज काळी एकला फार खाली जातो, वर नेऊ का? कोणी कथकवाले असतील तर सांगा.